हौसेचं मोल

३० जुलै २०२४ चा तो फोटो तुमच्या मोबाइलवरही येऊन गेला असणार. पॅरिस ऑलिम्पिक, दहा मीटर एअर पिस्तूल, मिश्र दुहेरी. तुर्कीचा ५१ वर्षांचा युसुफ डिकेच साधा टी-शर्ट आणि रोजचा चष्मा घालून उभा आहे, डावा हात खिशात, उजव्या हातात पिस्तूल. शेजारचे काका दूध आणायला निघाले आणि वाटेत रौप्यपदक घेऊन आले, असा एकूण थाट. त्याच्या शेजारी दक्षिण कोरियाच्या किम ये-जीचा फोटो लावलेला असायचा. तिच्या डोळ्यांवर लेन्स आणि पट्ट्यांची चौकट. खाली लिहिलेलं असायचं की बघा, सामानाने काही होत नाही, हातात कसब पाहिजे.

हा फोटो मला निदान आठ जणांनी पाठवला. कारण त्या महिन्यात मी पिस्तूल शोधत होते आणि ते माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत झालं होतं. दादाने फोटोबरोबर एक ओळ लिहिली होती: "हा माणूस खिशात हात घालून मेडल घेतो आणि तू सव्वा लाख घालवणार?"

फोटोत जे दिसत नाही ते असं. जाड जाकीट आणि कडक पँट रायफलवाले घालतात. पिस्तुलात ती कुणीच घालत नाही. मोकळा हात खिशात ठेवणं ही पिस्तूलवाल्यांची जुनी सवय, म्हणजे तो हात हलून शरीराचा तोल बिघडवत नाही. डिकेचच्या कानात बोळे होते, ते त्या फोटोत चटकन दिसत नाहीत. आणि हातातलं पिस्तूल सामन्यासाठीच बनवलेलं होतं, जत्रेतले फुगे फोडायचं नव्हे. बाकी सगळं वजा केलं तरी एक वस्तू उरतेच, आणि नवशिक्याचा सगळा प्रश्न त्या वस्तूपाशी येऊन थांबतो: आपलं पहिलं पिस्तूल कुठलं घ्यायचं?

त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना कांस्य मिळालं. तीन वर्षांपूर्वी टोकियोत याच मनूच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असताना बिघाड झाला होता. दुरुस्तीत वेळ गेला, आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. सामानाने पदक मिळत नाही हे खरं, पण सामानाने ते जाऊ शकतं.

*

मी नेमबाजी शिकायला लागले तेव्हा २९ वर्षांची होते. पुण्यातल्या एका रेंजवर दहा दिवसांचा नवशिक्यांचा वर्ग होता, तो केला आणि मग थांबलेच नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर 'उद्देश' असा एक रकाना होता. त्यात दोन पर्याय: स्पर्धा किंवा हौस. माझ्या आधीच्या सगळ्या पालकांनी 'स्पर्धा'वर खूण केलेली होती. मी 'हौस'वर केली. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म वाचून विचारलं, "मॅडम, मुलाचं नाव राहिलंय."

त्याला तरी काय दोष द्यायचा! आपल्याकडे खेळ ही मुलांची गोष्ट आहे, आणि तीसुद्धा काहीतरी पदरात पडणार असेल तर. दहावी-बारावीला ग्रेस मार्क असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला कांस्य आणलं. तेव्हा आईबापांनी मुलांना रेंजवर आणणं साहजिक आहे. पण तिशीला टेकलेली, अकाउंट्समध्ये नोकरी करणारी बाई यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. मला ग्रेस मार्क नकोत, मी ऑलिम्पिकला जाणार नाही, जिल्ह्याच्या संघातही बहुधा नाही. मला फक्त दहा मीटरवरच्या एका काळ्या ठिपक्यासमोर तासभर उभं राहायला आवडतं.

क्लबची पिस्तुलं असतात. तासाच्या भाड्याने मिळतात आणि पहिले काही महिने तीच वापरावीत. आपल्याला हे खरंच आवडतंय का, हे कळायला तेवढा वेळ लागतो. पण क्लबच्या पिस्तुलाला रोज दहा हात लागतात. सकाळच्या बॅचचा उंच मुलगा साइट त्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवून जातो, दुपारी कुणीतरी ट्रिगर मागेपुढे करतं. संध्याकाळी माझा शॉट डावीकडे सातमध्ये गेला, तर तो माझ्यामुळे गेला की त्या मुलामुळे, हे कळायला मार्ग नसतो. पाच महिने मी हेच करत होते. माझी चूक कुठली आणि पिस्तुलाची कुठली, हे वेगळं होईना. तेव्हा सरांनी सांगितलं, "आता एक तर स्वतःचं घे, नाही तर इथेच राहशील."

*

बाबांचा पहिला प्रश्न होता, "लायसनचं काय?"

आपल्या कायद्यात दोन पिस्तुलांमध्ये फार मोठी दरी आहे. दारूच्या स्फोटावर गोळी सोडणारं कुठलंही पिस्तूल, अगदी .२२ चं खेळाचं असलं तरी, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं. परवाना, पोलिस चौकशी, वयाची २१ वर्षांची अट, सगळं आलं. राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो या .२२ चा प्रकार. हवेच्या पिस्तुलाचं वेगळं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जा असेल, तर परवाना लागत नाही. सामन्याचं एअर पिस्तूल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सोडतं. हिशेब केला तर पाच-सहा जूल होतात. म्हणून आपल्याकडे हौशी माणसाचं पहिलं पिस्तूल म्हणजे हवेचं पिस्तूल. दुकानदार वय आणि ओळखपत्र बघतो, पावती देतो. ती पावती जपून ठेवायची, आणि पिस्तूल प्रवासात नेताना बरोबर ठेवायची.

बाबांचं समाधान झालं. आईचं नाही. तिचा मुद्दा कायद्याचा नव्हताच.

आम्ही कराडला ज्या कॉलनीत राहायचो, तिथे एका घरात छर्ऱ्याची बंदूक होती. घरच्यांनी मुलाला माकडं हाकलायला घेऊन दिलेली. मुलं गच्चीवर डबे मांडून खेळत होती. एक छर्रा पत्र्यावरून उलटला आणि नऊ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात गेला. डोळा वाचला नाही. मी तेव्हा दुसरीत होते. त्या मुलाची आई पुढे कित्येक महिने आमच्या ओट्यावर येऊन काही न बोलता बसून राहायची, हे मला आठवतं. माझ्या आईला तर ते रोज आठवत असणार.

"परवाना लागत नाही म्हणजे खेळणं झालं का?" आई म्हणाली.

झालं नाही. पाच जूल माणसाच्या कातडीला कदाचित फार काही करणार नाहीत, पण डोळ्याला पुरेसे आहेत. कायद्याने मोकळं सोडलेली वस्तू निरुपद्रवी असतेच असं नाही. कायद्याने ती जबाबदारी आपल्याकडे दिलेली असते एवढंच. आईच्या या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय पिस्तूल घरी आणायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. उत्तर पुढे पिस्तुलाच्या रचनेतच सापडलं.

*

दुकानात गेलात तर हवेच्या पिस्तुलांचे ढोबळ तीन प्रकार समोर येतात.

पहिलं स्प्रिंगचं. नळी मोडून किंवा दांडा ओढून आतली स्प्रिंग दाबायची, चाप ओढला की ती सुटून दट्ट्या पुढे ढकलते. स्वस्त, देशी बनावटीची मिळतात, बाहेरून काही लागत नाही. अडचण अशी की दट्ट्या पुढे धावताना पिस्तूल हातात उडतं, आणि छर्रा अजून नळीतच असतो. पकड जरा कमी-जास्त झाली की शॉट वेगळीकडे.

दुसरं एका झटक्याचं. लांब दांडा एकदा ओढून मिटला की हवा दाबली जाते आणि एका शॉटला पुरते. यात उडणं जवळजवळ नाही. रशियन आयझेडएच ४६ हे या जातीतलं नावाजलेलं पिस्तूल. जुने नेमबाज अजून त्याच्याबद्दल प्रेमाने बोलतात. पण सामन्यात ६० शॉट असतात, त्याआधी सरावाचे वेगळे. म्हणजे तितक्या वेळा तो दांडा ओढायचा. माझ्या मनगटाने पंचविसाव्या वेळी हात टेकले.

तिसरं सिलिंडरचं. नळीखाली एक छोटी टाकी, तीत २०० बारपर्यंत हवा भरलेली. एकदा भरली की दीडशेच्या आसपास शॉट निघतात. स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाउ ही नावं रेंजवर ऐकू येतात ती यातली. सगळी परदेशी, नवी घेतली तर दीड-दोन लाखांच्या घरात.

हे ऐकून कुणालाही वाटेल की सुरुवातीला स्वस्तातलं घ्यावं, जमलं तर महागातलं. सायकल शिकताना आपण असंच करतो. मीही सरांना तेच म्हणाले. त्यांनी मला एक आकडेमोड करायला लावली. अकाउंट्सवालीला आकड्यांत सांगितलं की पटतं, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर ३३ सेंटीमीटर धरा. निशाण दहा मीटरवर, म्हणजे त्याच्या साधारण तीसपट. आता पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर निशाणावर छर्रा किती सरकेल? ३० मिलिमीटर. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे ११.५ मिलिमीटर. ३० मिलिमीटर बाजूला म्हणजे काळ्या भागाचा काठ, म्हणजे सात. याउलट, दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खा हातच पाच मिलिमीटर डावीकडे गेला, तर छर्राही पाचच मिलिमीटर डावीकडे जातो. दहाचे दहा.

मला त्या दिवशी नेमबाजीचं गणित कळलं. हात थरथरतो म्हणून मी पाच महिने स्वतःवर चिडत होते. पण हात सगळ्यांचाच थरथरतो. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हात सरळ करून धरा. पिस्तुलाचं वजन साधारण तेवढंच असतं. अर्ध्या मिनिटात तुमचाही थरथरेल. त्याने फार बिघडत नाही. मनगट एक केसभर वळलं की बिघडतं. पिस्तूलवाले म्हणूनच निशाणाकडे बघत नाहीत. नजर पुढच्या साइटवर असते आणि निशाण मागे धूसर राहतं.

मग पहिल्या पिस्तुलाकडून हवं काय, तर ते हातात उडू नये, मनगट वळवू नये, आणि शॉट सातला गेला तर ती चूक नक्की माझी आहे एवढं सांगावं. स्वस्त पिस्तूल नवशिक्याला नेमकं हेच सांगू शकत नाही. कसलेला माणूस त्यातूनही आपली चूक ओळखतो, कारण त्याला दोन्हींतला फरक कळतो. ज्याला तो कळत नाही, त्यालाच खऱ्या वस्तूची जास्त गरज असते.

*

तरीही कंपनीचं नाव ही शेवटची गोष्ट. आधी बघायचा तो हात.

सरांनी मला एक परीक्षा सांगितली, ती कुणीही करून बघावी. पिस्तूल रिकामं आहे, सेफ्टी फ्लॅग लावलेला आहे, याची खात्री करायची. पिस्तूल नीट धरून डोळे मिटायचे, हात निशाणाच्या उंचीला उचलायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत बरोबर मध्ये दिसली, तर ग्रिप तुमची. डावी-उजवीकडे, वर-खाली दिसली, तर ग्रिप दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि प्रत्येक शॉटला मनगट मुरडून तुम्ही ते भरून काढणार आहात. पहिल्या दहा शॉटना जमेल. चाळिसाव्याला मनगट दमतं आणि आपल्या मूळ जागी जातं.

मी रेंजवरच्या ओळखीच्या लोकांची पाच पिस्तुलं अशी उचलून पाहिली. पाचही वेळा पुढची साइट उजवीकडे. माझा हात लहान आहे. बांगडीवाल्याकडे गेले की तो मुलींच्या मापाची पेटी काढतो. ग्रिप अतिलहानपासून मोठ्यापर्यंत मापात येतात, पण बाजारात फिरतात त्या बहुतेक मध्यम आणि मोठ्या. मोठ्या ग्रिपवर माझं बोट ट्रिगरपर्यंत पोचायचं ते टोकाने, तिरकं. मग ट्रिगर सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ढकलला जायचा.

दहा मीटर एअर पिस्तुलात ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. सामन्याआधी पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन लटकवतात आणि उचलून बघतात. वजन उचलताना ट्रिगर सुटला, तर पिस्तूल नापास. वाण्याकडचं अर्धा किलो साखरेचं पाकीट एका बोटाने उचलायचं आणि तेही बाकीचा हात न हलवता, असं ते काम आहे. बोट तिरकं असेल तर ते होत नाही.

लाकडी ग्रिप घासता येते, तिच्यावर लाकडाची पुटी लावून भरता येते. नियम एवढाच की तिने मनगटाला आधार द्यायचा नाही आणि हाताला वेढा घालायचा नाही. जुन्या नेमबाजाचं पिस्तूल पाहिलंत तर ग्रिपवर पुटीचे उंचवटे, कानशीचे ओरखडे दिसतील. रंगरूपाला दिसायला भयाण. पण नव्या चकचकीत ग्रिपपेक्षा ते खरं असतं.

*

मला सापडलेलं पिस्तूल एका अठरा वर्षांच्या मुलीचं होतं. रेंजच्या फलकावर चिठ्ठी होती: स्टायर एलपी-१०, लहान ग्रिप, उजवा हात, विकणे आहे. ती वडिलांबरोबर आली. चार वर्षं खेळली होती. बारावी झाली, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, आता कॉलेज दुसऱ्या गावात.

मी डोळे मिटून पिस्तूल उचललं. डोळे उघडले तेव्हा पुढची साइट खाचेच्या जवळजवळ मध्ये होती. जिच्या हातासाठी ती पुटी भरली होती, तिचा हात माझ्याएवढाच होता.

वापरलेलं पिस्तूल घेताना काय बघायचं, ते मी वहीत लिहून नेलं होतं. मूळ खरेदीची पावती. पिस्तूल टेबलाला टेकवून पाच शॉट एकाच भोकात जातात का. सिलिंडर रात्रभर ठेवला तर दाब उतरतो का. आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख. ही शेवटची गोष्ट बरेच जण बघत नाहीत. या सिलिंडरांचं आयुष्य बनल्यापासून दहा वर्षं धरतात. त्यानंतर सामन्यात तो वापरू देत नाहीत, आणि २०० बार दाबाची जुनी टाकी तोंडापासून हातभर अंतरावर धरण्यात शहाणपणही नाही. तिच्या सिलिंडरचं एकच वर्ष उरलं होतं. मी नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करून मागितला. वडील थोडे कुरकुरले, मग म्हणाले, "स्पर्धेसाठी घेताय ना? मग चांगल्या हातात जातंय."

"हौस म्हणून," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फॉर्मच्या काउंटरवरही पाहिलं होतं. हौसेसाठी एवढे पैसे? ते म्हणालेही, अगदी आपुलकीने, "मॅडम, हौसच असेल तर साधं घ्या एखादं. हिने चार वर्षांत राज्याला दोनदा खेळलं. शेवटी काय, आता वेळच नाही."

मुलगी इतका वेळ गप्प होती. पिस्तूल पेटीत ठेवता ठेवता मला म्हणाली, "ताई, अंगठ्याच्या खाली पुटी थोडी जास्त आहे. मला शेवटच्या वर्षी टोचायची. पण मॅचेस होत्या म्हणून घासली नाही."

चार वर्षं ती मुलगी प्रत्येक शॉट कशासाठी तरी मारत होती. निवडीसाठी, गुणांसाठी, प्रमाणपत्रासाठी. त्यात काही वाईट नाही, त्यातूनच खेळाडू घडतात. पण ते 'कशासाठी' संपलं तेव्हा नेमबाजीही संपली, आणि टोचणारी पुटी घासायची राहून गेली. मला तिची कीव आली नाही, ती आता वेगळं काही करेल. मला फक्त माझ्या फॉर्मवरच्या खुणेचा अर्थ नीट कळला. आपण म्हणतो, हौसेला मोल नाही. म्हणताना बहुधा कौतुकाने म्हणतो, की हौस असली की माणूस पैशाकडे बघत नाही. पण व्यवहारात त्याच म्हणीचा दुसरा अर्थ चालतो: हौस ही बिनमोलाची गोष्ट, तिच्यावर वेळ आणि पैसा कशाला घालवायचा.

मी मोल दिलं. स्कूटर बदलण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दिलं, आणि एक-एक आकडा वहीत मांडून दिलं. स्कूटर अजून तीच आहे, पावसाळ्यात दोन किकांत चालू होते.

*

आता आईचा प्रश्न.

या पिस्तुलाचा सिलिंडर आटे फिरवून काढता येतो. सिलिंडर काढला की हवा नाही, आणि हवा नाही तर छर्रा कुठेच जात नाही. उरतो तो लोखंड आणि लाकडाचा किलोभराचा तुकडा. मी रेंजवर एक लॉकर घेतला. सिलिंडर आणि छर्ऱ्यांचे डबे तिथेच राहतात. पिस्तूल कुलपाच्या पेटीतून घरी येतं, ते फक्त ड्रायसाठी. ड्राय म्हणजे छर्रा आणि हवेशिवाय भिंतीसमोर उभं राहून हात उचलणं, साइट बघणं, ट्रिगर दाबणं. नेमबाजाचा निम्म्याहून जास्त सराव हाच असतो आणि तो फुकट असतो. खरे शॉट रेंजवर. ५०० छर्ऱ्यांचा डबा मला साधारण आठ वेळा पुरतो. ते शिशाचे असतात, म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

दिवाळीत पिस्तूल घेऊन कराडला गेले. आईने पेटी उघडायला लावली. सिलिंडर जिथे बसतो ती रिकामी जागा बोट लावून पाहिली. मग म्हणाली, "आणि पुण्याला दोन्ही एकत्र असतात तेव्हा?"

"तेव्हा समोर भिंत असते, आणि कुणी पुढे गेलं तर सगळ्यांची पिस्तुलं टेबलावर असतात. नळीतून केशरी दोरी ओवलेली. ती दिसली नाही तर सर हाकलून देतात."

ती खूश झाली नाही. पण पेटी तिने स्वतःच्या कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. चार दिवस मला ड्राय करायचं असेल तेव्हा आईकडे किल्ली मागायला लागायची. रेंजवरच्या कुठल्याही नियमापेक्षा हा नियम मला कडक आणि बरोबर वाटला. घरात लहान मूल असेल, तर अशी एक आई हवीच.

*

आता दीड वर्ष झालं. ६०० पैकी माझे ५२० च्या आसपास होतात. कधी ५३० ला टेकतात, कधी ५०५. माझ्या शेजारच्या लेनवर चौदा वर्षांचा मुलगा ५६० मारतो आणि चुकला की पाय आपटतो. मी पाय आपटत नाही. सात गेला तर वहीत लिहिते: बोट, मनगट, की नजर निशाणाकडे गेली? यातलं एक असतंच. चौथं कारण, 'पिस्तूल', आता त्या यादीत नाही. जे मोल दिलं ते त्यासाठीच होतं.

नवीन लोक येतात, विचारतात की पहिलं कुठलं घेऊ. कुणी फोनवर जाहिरात दाखवतं, कुणी चित्रपटातल्यासारखं काळं, जड, खटके असलेलं काहीतरी. मी त्यांना आधी माझं पिस्तूल डोळे मिटून उचलायला देते. बहुतेकांना ते उजवीकडे जातं. मग सांगते, हे तुमचं नाही, आणखी चार उचलून बघा, सहा महिने क्लबचं वापरा, घरी कोण कोण आहे त्याचा विचार करा आणि मग बोलू. काही जण परत येतात.

मध्यंतरी अंगठ्याखालची ती पुटी मलाही टोचायला लागली. दीड वर्षात हात बदलला असेल, किंवा पकड आता कुठे बरोबर बसायला लागली असेल. मार्केट यार्डातून बारीक कानस आणून ठेवली आहे. मला कुठलीही मॅच नाही. या रविवारी सकाळी पेपर अंथरून बसायचं, थोडं घासायचं, डोळे मिटून उचलायचं, बघायचं, पुन्हा थोडं घासायचं. पुटी लावून परत भरता येते, त्यामुळे घाई नाही.